बेंचरेस्टमधे ९ का पडला ते आधी शोधा, स्कोर तिथूनच वाढतो

आपल्याकडे एअर रायफल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर १० मीटर येतं, अंजली भागवत, सुमा शिरूर, जाड जॅकेट घालून उभं राहून मारायचं ते. बेंचरेस्ट त्याहून वेगळं आहे. टेबल, टेबलावर पुढे रेस्ट, मागे वाळूची बॅग, त्यावर रायफल आणि तुम्ही स्टुलावर बसलेले. टार्गेट २५ मीटरवर, एका कार्डावर २५ बुल्स आणि प्रत्येक बुलवर मार्काचा एकच शॉट, म्हणजे पैकीच्या पैकी २५०. शिवाय सायटर बुल्स असतात, त्यांवर हवे तेवढे मारा, त्यांचे मार्क धरत नाहीत.

जागतिक पातळीवरच्या नियमांत हलका वर्ग १२ फूट-पाउंडपर्यंत म्हणजे साधारण १६ ज्यूल, आणि जड वर्ग २० फूट-पाउंडपर्यंत म्हणजे साधारण २७ ज्यूल असे दोन मुख्य वर्ग आहेत. भारतात ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरची, २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल लायसन्सशिवाय ठेवता येते, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांसाठी हलका वर्गच कामाचा, आणि खाली जे आकडे देतोय ते सगळे त्याच ताकदीच्या .१७७ पीसीपीचे (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचे) आहेत, ८.४४ ग्रेनचा गोल डोक्याचा छर्रा आणि वेग २४० मीटर प्रति सेकंद धरून. तुमची रायफल थोडी वेगळी असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, हिशोब तोच राहतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं रायफल टेबलावर ठेवलीये मग चुकणार कशाला. पण हात हलणं, तोल जाणं हे टेबलाने काढून घेतलं की जे उरतं ना ते सगळं मोजता येण्यासारखं असतं, आणि म्हणूनच मला हा प्रकार एवढा आवडतो. इथे प्रत्येक ९ ला कारण असतं आणि ते शोधलं तर सापडतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की स्कोर अडकला म्हणून लगेच नवीन स्कोप, नवीन रेस्ट, नवीन बॅरल असं करत सुटू नका, आधी गेलेले मार्क कुठल्या दिशेने गेले ते बघा.

कार्ड वाचायचं कसं

सरावाला बसताना शेजारी वही ठेवा, तिच्यावर २५ गोल काढलेले. शॉट सुटला की स्कोपमधून डोकं न उचलता आधी स्वतःशी ठरवायचं की हा कुठे गेला असणार, म्हणजे ट्रिगर सुटला त्या क्षणी क्रॉसहेअर (स्कोपमधल्या नेमाच्या आडव्या-उभ्या रेषा) कुठे होती आणि रिबन (वारा दाखवणारी पट्टी, पुढे सांगतो) कुठल्या बाजूला होती त्यावरून, आणि मग भोक बघायचं. वहीतल्या गोलात भोक जिथे पडलं तिथे टिंब, आणि ते ठरवल्यापेक्षा वेगळ्या जागी पडलं असेल तर टिंबाला फुली. बस एवढंच. अशी पाच-सहा कार्डं झाली की वही समोर घेऊन बसा आणि फक्त ९ आणि ८ बघा, १० कडे बघूच नका.

उभे म्हणजे वर-खाली गेलेले जास्त असतील तर छर्ऱ्याचा वेग बदलतोय, नाही तर गालाचा-खांद्याचा दाब बदलतोय, नाही तर मागची बॅग दबतीये. आडवे गेलेले जास्त असतील तर वारा, कँट म्हणजे रायफल कलणं, किंवा ट्रिगरचं बोट. आणि कुठलीच दिशा नाही, नुसते विखुरलेत, तर छर्रे किंवा बॅरल किंवा कुठला तरी ढिला स्क्रू. या तीन चिठ्ठ्या झाल्या की पुढचं काम निम्म्यावर येतं कारण उभ्या चुकीवर वाऱ्याचे उपाय करत बसायला नको.

फुल्या फार महत्त्वाच्या आहेत बरं का. जो शॉट तुम्हाला सुटतानाच कळला होता की वाईट आहे त्याचं औषध तुमच्याकडे आहे. जो शॉट सुटताना एकदम चांगला वाटला आणि तरी बाहेर गेला, तो सामानाचा किंवा तुम्हाला न दिसलेल्या वाऱ्याचा.

टेबल आणि बॅग

टेबल हललं तर पुढचं काहीच खरं नाही. क्रॉसहेअर बुलवर ठेवा आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बोटाने टकटक करा, क्रॉसहेअर नाचली आणि थांबायला वेळ लागला तर टेबलाच्या पायांखाली पाचर मारा किंवा खालच्या आडव्या पट्टीवर वाळूची पोती ठेवा. स्टूल टेबलाला चिकटलेलं नको. छाती टेबलाच्या कडेवर टेकवून बसायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडा, कारण श्वास आणि नाडी दोन्ही टेबलात जातात आणि तिथून रायफलीत. ३०-४० पट मॅग्निफिकेशनवर नाडीचा ठोका क्रॉसहेअरमधे चक्क दिसतो.

मागची बॅग नीट घट्ट भरलेली हवी. अर्धवट भरलेल्या बॅगेत वाळू प्रत्येक शॉटला थोडी सरकते आणि रायफल हळूहळू बसत जाते, मग कार्डावर शेवटचे पाच-सहा बुल एकाच दिशेला गेलेले दिसतात आणि आपण वाऱ्याला दोष देतो. बॅग भरून झाल्यावर मुठीने ठोकून ठोकून बसवा आणि रायफलीच्या बटचा आकार तिच्यात उमटू द्या. पावसाळ्यात, खास करून कोकणात आणि मुंबईच्या बाजूला, कापडी आणि चामड्याच्या बॅगा दमट होतात आणि स्टॉक त्यांना चिकटतो, रायफल शॉटला मागे येताना अडखळते. बॅगेच्या कानांवर थोडी टाल्कम पावडर चोळली की काम होतं, रायफल हाताने पुढे-मागे सरकवून बघा, एकसारखी सरकली पाहिजे आणि सरकताना क्रॉसहेअर एका उभ्या रेषेत खाली-वर व्हायला हवी, आडवी जाता कामा नये. आडवी जात असेल तर पुढचा रेस्ट आणि मागची बॅग एका सरळ रेषेत नाहीत, ते आधी नीट करा.

आता धरायचं किती. पीसीपीला धक्का इतका कमी असतो की खांदा बटला जेमतेम टेकलेला, गाल अगदी हलका किंवा नाहीच, आणि ट्रिगरवर फक्त बोट, असं चालतं. काही जण घट्ट धरतात आणि त्यांचेही स्कोर येतात, त्यात एकच पद्धत बरोबर असं काही नाही, पण हलकं धरलं तर प्रत्येक शॉटला तेच करणं सोपं जातं म्हणून मी हलक्याच्या बाजूचा. एकदा बुलवर आणली की डोळे मिटा, एक श्वास सोडा, डोळे उघडा. क्रॉसहेअर सरकलेली असेल तर तुम्ही रायफलीला जोर लावून तिथे ठेवलं होतं. रेस्टचे नॉब फिरवून परत आणा, अंगाने ढकलू नका.

स्प्रिंगवाली रायफल असेल तर वेगळं प्रकरण आहे. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे झटकते, आणि छर्रा अजून बॅरलमधेच असतो तेव्हा हे सगळं होतं. अशी रायफल कडक रेस्टवर ठेवली की उडी मारते आणि ग्रुप फुटतो, म्हणजे भोकं एका जागी न पडता पसरतात. पुढच्या बाजूला मऊ बॅग, तिच्यावर तळहात उघडा ठेवून त्यावर रायफल, बोटं न आवळता, आणि स्टॉकवर खुणेचा छोटा टेप लावून रोज त्याच जागेवर टेकवायची. जागा अर्धा इंच पुढे-मागे झाली तरी शॉट हलतो. आणि स्प्रिंगवाली छर्ऱ्याशिवाय कधीही फायर करू नका, पिस्टनला मार बसतो.

ट्रिगर सगळ्यांचाच थोडा बाजूला जातो. बघायचं कसं तर शॉट सुटल्यावर एक-दोन सेकंद बोट मागेच दाबून ठेवायचं आणि क्रॉसहेअर कुठे जाऊन थांबली ते बघायचं. दर वेळी उजवीकडेच जात असेल तर बोट ढकलतंय किंवा ओढतंय, बोटाच्या पेराची पहिली गादी ट्रिगरवर सरळ बसेल असं कोपर ठेवा. हे फॉलो-थ्रू सोडून लगेच भोक बघायला डोकं वर काढणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं, कारण सगळ्यात फुकट मिळणारे मार्क तिथे जातात.

स्कोप, ओळंबा आणि कँट

कँटचा हिशोब करून दाखवतो कारण याला फार कमी लोक गंभीरपणे घेतात. आपला छर्रा २५ मीटर जायला साधारण ०.११ सेकंद घेतो आणि तेवढ्यात तो बॅरलच्या सरळ रेषेपेक्षा साधारण ६ सेंटीमीटर खाली पडतो. हे खाली पडणं झाकायला स्कोप झिरो केलेला असतो, म्हणजे क्रॉसहेअर जिथे तिथेच छर्रा लागेल असा लावलेला. रायफल ५ अंश कलली तर त्या ६ सेंटीमीटरमधला थोडा भाग आडवा होतो, ६० मिमीचे जवळपास ५ मिमी. रायफल ज्या बाजूला कलली त्याच बाजूला शॉट ५ मिमी. आणि ५ अंश म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल एवढं. म्हणून रायफलीवर बबल लेव्हल हवीच, आणि ती स्कोपच्या क्रॉसहेअरशी जुळवलेली हवी. २५ मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा, वारा नसताना, उभी क्रॉसहेअर दोरीवर तंतोतंत बसवा आणि त्या स्थितीत बबल मधे येईल असा आवळा. नंतर प्रत्येक शॉटला, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, ट्रिगरच्या आधी बबलकडे एक नजर. रेस्ट तळाला सपाट असेल आणि स्टॉकही सपाट असेल तर हे आपोआप होतं, पण तरी बघा.

पॅरलॅक्स सेट करताना फोकसच्या नॉबवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. २५ मीटरवरच्या बुलवर रायफल पक्की ठेवा, तिला हात न लावता डोकं वर-खाली डावी-उजवी हलवा, क्रॉसहेअर बुलवर तरंगल्यासारखी सरकत असेल तर नॉब थोडा थोडा फिरवत राहा जोपर्यंत ती चिकटल्यासारखी थांबत नाही. तिथे रंगाने खूण करा.

स्कोपच्या नॉबच्या क्लिकचं गणित लक्षात ठेवा, १ एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २५ मीटरवर ७.३ मिमी, त्यामुळे पाव एमओएचा एक क्लिक १.८ मिमी आणि अष्टमांशाचा ०.९ मिमी. पाव एमओएच्या स्कोपवर मधेच कुठेतरी अडकल्यासारखं वाटतं ना, एक क्लिक डावीकडे जास्त, एक उजवीकडे जास्त, ते यामुळे.

उभे ९

उभ्या चुकांत पहिला संशयित वेग. २४० ऐवजी २३४ मीटरने सुटला, म्हणजे अडीच टक्के कमी, तर २५ मीटरवर तो साधारण ३ मिमी खाली लागतो. ३ मिमी म्हणजे १० चा ९ व्हायला पुरे. क्रोनोग्राफ म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मिळत असेल तर एक पूर्ण कार्डाएवढे शॉट त्यावरून मारून सगळ्यांचा वेग ओळीने लिहून काढा, नुसतं जास्तीत जास्त आणि कमीत कमी बघू नका, ओळ बघा. सुरुवातीला कमी, मधे चढ, शेवटी उतार अशी टेकडी दिसली तर रायफलीत रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचं प्रेशर सारखं ठेवणारा भाग) नाही किंवा तो काम करत नाहीये. रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत टेकडीचा सपाट माथा शोधायचा, तो कुठल्या प्रेशरला सुरू होतो आणि कुठे संपतो, आणि मॅचला बरोबर तेवढीच हवा भरायची. गच्च २०० बार भरून सुरुवात केली तर पहिले काही शॉट वेगळे जाणारच, सायटरवर संपवा.

रेग्युलेटर असेल तरी एक गोष्ट फसवते. बऱ्याच रेग्युलेटरमधे रायफल थोडा वेळ तशीच पडून राहिली की प्रेशर हळूच चढतं, त्याला क्रीप म्हणतात, आणि मग पुढचा शॉट बाकीच्यांपेक्षा वेगळा, बहुतेक वेळा वर किंवा खाली, पण दर वेळी एकाच बाजूला. आता याचा वाऱ्याशी संबंध बघा. तुम्ही शहाणपणाने वारा थांबायची वाट बघत तीन-चार मिनिटं बसलात, वारा थांबला, शॉट मारला, आणि तो वर गेला. वाऱ्याचं तुम्ही सगळं बरोबर केलं होतं. म्हणून मोठ्या थांब्यानंतरचा पहिला शॉट सायटरवर, नेहमी. तुमची रायफल किती वेळाने बदलते हे घरच्या रेंजवर शोधून ठेवा, एक मिनिट थांबून मारा, दोन, पाच, आणि वहीत लिहा.

मग छर्रे. इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि चुकीच्या ठिकाणी घालवतात असं माझं मत आहे. वजन करून छर्रे वेगळे करणं चांगलं, पण हिशोब बघा: ८.४४ ग्रेनच्या छर्ऱ्यात ०.१ ग्रेनचा फरक म्हणजे सव्वा टक्का, तेवढ्याने वेग साधारण अर्धा-पाऊण टक्का बदलतो आणि २५ मीटरवर शॉट जेमतेम पाऊण मिमी हलतो. म्हणजे ०.१ ग्रेनच्या ढिगाऱ्यांपुरतं वजन पुरे, त्याहून बारीक करत बसण्यात रात्री घालवू नका. त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो तो बॅचने आणि मागच्या स्कर्टला पडलेल्या खड्ड्यांनी. एकाच नावाचे, एकाच डोक्याच्या साइजचे, दोन वेगळ्या बॅचचे डबे एका बॅरलमधून वेगवेगळे चालतात, कंपनी जेएसबी घ्या, एच अँड एन घ्या, आरडब्ल्यूएस घ्या, हे सगळीकडे खरं आहे. म्हणून आधी एकेक डबा घेऊन टेस्ट करा, आणि जो चालला त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे उचला, डब्याच्या तळाचा बॅच नंबर फोटो काढून ठेवा.

टेस्ट म्हणजे पाच शॉटचा ग्रुप नव्हे. पाच शॉटमधे कुठलाही छर्रा छान दिसू शकतो. प्रत्येक छर्ऱ्याचं निदान एक पूर्ण कार्ड, वारा नसताना, आणि छर्रा बदलला की आधी सायटरवर दहा-पंधरा शॉट, कारण बॅरलमधे आधीच्या छर्ऱ्याचं शिसं आणि तेल बसलेलं असतं. २५ मीटरला गोल डोक्याचाच घ्या, सपाट डोक्याचा वॉडकटर १० मीटरवर सुंदर गोल भोक पाडतो पण पुढे लवकर वेग गमावतो.

आणि भरताना अंगठ्याकडे लक्ष द्या. छर्रा ब्रीचमधे, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडात, जाताना जो विरोध लागतो तो प्रत्येकाला जवळजवळ सारखा असतो, आणि मधेच एखादा तुपातून गेल्यासारखा सटकन आत जातो किंवा एखादा अडून बसतो. हे दोन्ही मार्काच्या बुलवर मारू नका. काढता येत नाही, म्हणून सायटरवर मारून मोकळे व्हा. ही सवय लागली की अचानक भलतीकडे गेलेल्या शॉटची, म्हणजे फ्लायरची, संख्या कमी होते, तुम्हीच बघाल.

बॅरल किती वेळा साफ करायचं यावर भांडणं होतात. माझं सोपं आहे, ग्रुप उघडायला लागला की कोरडे-ओले पॅच ओढा, ब्रीचकडून मझलकडे, कडक रॉड टाळा, आणि साफ केल्यावर मॅचला लगेच बसू नका कारण स्वच्छ बॅरल सेट व्हायला काही डझन शॉट घेतं. छर्रे शिशाचे असतात, हाताळून झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय खायचं-प्यायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर डबे त्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. आणि मागे शिसं अडवणारा पक्का बॅकस्टॉप असल्याशिवाय गच्चीवर किंवा शेतात मारायला बसू नका.

वारा

आता मुख्य. २५ मीटरवर आडवे जाणारे बहुतेक मार्क वाऱ्याने जातात आणि तो वारा तुम्हाला जाणवलेलाही नसतो. हिशोब करा: छर्रा हवेत अडकून वेग गमावत जातो, २४० ने निघून २५ मीटरवर साधारण २१० च्या आसपास उरतो. वेग कायम राहिला असता तर त्याला ०.१०४ सेकंद लागले असते, लागतात ०.११२. हा जो ०.००८ सेकंदाचा उशीर आहे ना, वारा छर्ऱ्याला त्याच उशिराएवढा वेळ ढकलतो. बरोबर आडवा, १ मीटर प्रति सेकंद वारा असेल तर ०.००८ गुणिले १ मीटर, म्हणजे ८ मिमी. आणि १ मीटर प्रति सेकंद म्हणजे किती, तर ताशी साडेतीन किलोमीटर. या वाऱ्यात झाडाची पानं हलत नाहीत, तोंडावर जाणवत नाही, फक्त उदबत्तीचा धूर कलतो. तेवढ्याने १० वरून थेट बाहेर.

म्हणूनच रिबन हव्यात, आणि स्वतःच्या हाताने बनवलेल्या हव्यात. बांबूची बारीक काडी, तिच्या टोकाला एक वीतभर लोकरीचा धागा किंवा अगदी पातळ प्लॅस्टिकची पट्टी, जी हलक्या वाऱ्यातही उठेल. जाड कापडाचा झेंडा २५ मीटरच्या कामाचा नाही. पाच मीटरवर एक, बारा-तेरावर एक, वीसवर एक, छर्ऱ्याच्या वाटेच्या थोडं खाली, स्कोपच्या नजरेत आडवं येणार नाही असं. आणि सगळ्यात जास्त वजन जवळच्या रिबनला द्या. सुरुवातीलाच छर्रा बाजूला ढकलला गेला की उरलेलं सगळं अंतर तो तसाच वाकडा जात राहतो, शेवटच्या पाच मीटरमधे ढकलला तर त्याला वाकडं जायला अंतरच उरत नाही. अनेक जण टार्गेटजवळची रिबन बघून मारतात कारण ती स्कोपमधे दिसते. ती दिसते म्हणून महत्त्वाची होत नाही.

वाऱ्याची दिशा पण हिशोबात धरा. बरोबर आडवा वारा पूर्ण ढकलतो, ४५ अंशांनी आला तर साधारण सत्तर टक्के, ३० अंशांनी आला तर निम्मा. सरळ समोरून किंवा मागून आला तर आडवं काही नाही, पण असा वारा डोलतो, कधी डावीकडून कधी उजवीकडून, आणि दर वेळी बाजू बदलतो, तो मला सगळ्यात धोकादायक वाटतो. डोलणाऱ्या वाऱ्यात मारायचं टाळा, बिनधास्त थांबा.

मारायचं कसं यात दोन वाटा आहेत. एक, एक स्थिती निवडायची, म्हणजे समजा डावीकडून हलका वारा, जवळची रिबन काडीपासून तीस अंश उठलेली, आणि ती स्थिती आली की मारायचं, ती गेली की हात काढून बसायचं. त्या स्थितीला झिरो करून घ्यायचं, सायटरवर, आणि मग ती परत आली की क्रॉसहेअर सरळ मधे. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक वाऱ्याला होल्ड देत, म्हणजे वारा ढकलेल तेवढी क्रॉसहेअर उलट्या बाजूला धरून, मारत राहणं. नवीन माणसाने पहिली वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. होल्ड शिकायला वेळ लागतो, आणि त्याला सायटरवरचा तक्ता लागतो: रिबन अर्धी उठली की इतके मिमी, पूर्ण आडवी झाली की इतके मिमी, डावीकडून आणि उजवीकडून वेगळे. हा तक्ता सरावाच्या दिवशी बनतो, मॅचच्या दिवशी नाही, त्यामुळे वारा आहे म्हणून सराव रद्द करणाऱ्यांनी थोडा विचार करावा. शांत हवेत २४८ येणं आणि वाऱ्यात २४० येणं यात दुसरं जास्त शिकवतं.

कधी बसायचं याचंही बघा. घाटावर, पुण्या-साताऱ्याच्या बाजूला, उजाडल्यापासून पुढचा तास-दीड तास हवा सर्वांत शांत असते, छर्रे आणि स्कोप टेस्ट करायच्या त्या वेळेला. कोकण किनाऱ्यावर सकाळ सरत आली की समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारभर एकाच बाजूने येत राहतो, वाऱ्याचा तक्ता बनवायला तो उलट छान. मार्च ते मे दुपारी उघड्यावर मिराज (तापलेल्या हवेची थरथर) चढतो, बुल पाण्याखाली असल्यासारखा लहरायला लागतो, तेव्हा मॅग्निफिकेशन कमी करा. मिराजची लाट कुठल्या बाजूला वाहतीये त्यावरून वारा वाचता येतो.

मॅचच्या वेळी

वेळ मर्यादित असते पण २५ शॉटला पुरेशी असते, घाई बहुतेक आपणच करतो. नियमाचा कागद आधी वाचा, वेळ किती, भोक रिंगेला टेकलं तर वरचे मार्क की खालचे, एका बुलवर चुकून दोन शॉट गेले तर काय कापतात. दोन शॉट एका बुलवर जाणं, किंवा ओळ चुकून भलत्या बुलवर जाणं हे जाणत्या लोकांकडूनही होतं, म्हणून प्रत्येक शॉटनंतर वहीतला गोल भरायचा आणि पुढच्या बुलचा नंबर मनात उच्चारायचा.

पहिले दहा-बारा शॉट सायटरवर जाऊ द्या, त्यात रेग्युलेटर जागा होतो, बॅरल बसतं, आणि तुम्ही वारा बघून घेता. चांगली स्थिती आली आणि टिकतीये असं दिसलं की एका झटक्यात चार-पाच बुल मारून घ्या, भरणं, बबल, रिबन, ट्रिगर, पुन्हा भरणं, मधे भोकं बघत बसू नका. वारा बदलला की थांबा. एखादा शॉट ठरवल्यापेक्षा वेगळ्या जागी गेला तर पुढचा शॉट सायटरवर, कारण माहीत झाल्याशिवाय स्कोपच्या नॉबला हात लावू नका. एका शॉटवरून क्लिक फिरवणं म्हणजे पुढच्या तीन बुलचे मार्क घालवणं, आणि मग दोन क्लिक परत फिरवणं.

डोळा पण थकतो. सारखं स्कोपमधे बघत राहिलात तर वीस-पंचवीस सेकंदांनंतर क्रॉसहेअर पुसट व्हायला लागते आणि तुम्हाला ते कळतही नाही. वाऱ्याची वाट बघताना स्कोपमधून डोळा काढून लांबच्या झाडाकडे बघा, रिबनकडे उघड्या डोळ्यांनी लक्ष ठेवा.

आणि समजा शेवटची पाच मिनिटं उरलीत, चार बुल बाकी आहेत, आणि तुम्ही निवडलेली स्थिती येतच नाहीये. तेव्हा त्याच स्थितीची आशा धरून बसू नका. सध्या जो वारा टिकतोय तो नवी स्थिती म्हणून धरा, सायटरवर दोन शॉट मारून तो किती मिमी ढकलतोय ते बघा, नॉब न फिरवता तेवढाच होल्ड उलट्या बाजूला घ्या आणि चारही बुल त्याच एका होल्डवर सलग संपवा.